पाहुणी

प्रिय ताई,

बदलीच्या गावी तुझं बस्तान बसलं असेल. दवाखान्याचं क्वार्टर कसं आहे, पाणी वर चढतं ना? इकडे सगळं ठीक, असं सवयीने लिहून गेलो होतो. ते खोडलं.

सध्या वर्गात ग्रीस आणि रोम चाललंय. पोरं जांभया देतात. परवा म्हटलं, जरा गंमत करू. बाथरूमच्या दुरुस्तीत निघालेले टाइल्सचे तुकडे कडा घासून शाळेत नेले. सांगितलं, जुन्या अथेन्समध्ये लोक खापरीवर एकाचं नाव लिहायचे. ज्याच्या खापऱ्या सगळ्यांत जास्त, त्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. गुन्हा केलेला असायला हवा असंही नाही, नकोसा झाला एवढं पुरे. आता या ग्रीक-रोमनांपैकी तुम्ही कोणाला घालवाल ते लिहा.

पहिल्या तुकड्यावर सीझर निघाला. दुसऱ्यावर ‘पाहुणी’. ही कोण, मला चटकन लक्षात येईना. तिसऱ्यावरही तेच. पोरं खुसखुसत मागच्या बाकाकडे बघायला लागली, आणि तिथे तुझी लेक बसली होती. ताई, मी तिथेच थांबायला हवं होतं. पण वर्षभरात पहिल्यांदाच अख्खा वर्ग माझ्याकडे कान देऊन बसला होता. मी वाचत गेलो. शेवटी वेळ मारून न्यायला म्हणालो, “चला, पाहुणीला दहा वर्षं सुट्टी.” वर्ग हसला. तीही हसली. तिचं ते हसू डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरी आल्यावर त्याच वर्गातल्या माझ्या मुलीला फैलावर घेतलं, हे नाव वर्गात कोणी नेलं म्हणून. ती म्हणाली, “मीच. पण बाबा, घरी तूच म्हणतोस ना?” खरंय. ‘पाहुणीला आधी वाढा’ असं रोज जेवताना मीच म्हणायचो. लाडाने म्हणतोय असं मला वाटायचं. तुझ्या लेकीला काय वाटतं, हे कधी विचारलं नाही.

तिच्याजवळ जाऊन बसलो, चुकलो म्हणालो. तर तीच माझी समजूत घालायला लागली, “जाऊ दे मामा, खेळच होता.” मग हळूच म्हणाली, “आईला सांगू नकोस. ती सगळं टाकून धावत येईल.” मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागायची ठरवून गेलो, तर डोकं दुखतंय म्हणून ती घरीच राहिली. मी रिकाम्या बाकाकडे बघत माफी मागितली. या वेळी कोणी हसलं नाही.

शनिवारी ती तुझ्याकडे येतेय. म्हणेल, इथला अभ्यास झेपत नाही, मला तुझ्याजवळच ठेव. दोन दिवसांची सुट्टी आहे आणि बॅगेत तिने सगळे कपडे भरलेत. मी तुला ओळखतो, तू तिलाच झापशील. म्हणून तिला दिलेला शब्द मोडतोय. तिला सगळं झेपतं, माझ्या विषयात तर ती पहिली आलीय. तिला परत पाठव, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला बोल लावू नकोस, एवढंच.

तुझाच,
धाकटा