पेवात कंदील सोडण्याआधी

आबा, आपलं पेव सापडलं. ही बातमी ऐकीव नाही. शेजारच्या काकूंचा थोरला, जो आता आपलं शेत करतो, तो काल स्वतः हैदराबादेत माझ्या कचेरीत येऊन सांगून गेला. कुळवाची पाळी घालताना त्याच्या बैलाचा पाय खचला. बैल बाजूला घेऊन त्याने माती उकरली, तर खाली कललेल्या शिळेआड माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड होतं, आणि आतल्या लिंपणाला काळा पडलेला कडबा चिकटलेला होता. त्याने वर बाभळीच्या फांद्या ओढल्या, कोणाला जवळ येऊ दिलं नाही आणि परळीला जाऊन गाडी धरली.

मी विचारलं, "आत काय आहे?"

"ते बघायलाच तर तुला न्ह्यायला आलोय," तो म्हणाला. "आमची आई मरेस्तोवर एकच इचारायची. तुज्या बापाकडं असून दिलं न्हाई, का नव्हतंच? आता म्या एकलाच उतरलो आन रिकामं हाय म्हनलं, तर गाव म्हनंल ह्यानंच काढून न्हेलं. भरल्यालं हाय म्हनलं, तर तू म्हनशील ह्यो जुना राग काढतोय. तवा तू चल."

"आणि मी आलो नाही तर?"

"तर काय, बुजवतो. बैल मोडायचा एखादा." मग उठता उठता म्हणाला, "पर येशील की बे. तुला बी झोप कुठं हाय त्याच्यापायी."

आमचे संपादक शहरातले. पेव म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं. जमिनीत घागरीसारखा खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून लिंपून कडब्याचं अस्तर द्यायचं, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा, शिळेवर माती, आणि वरून नांगर फिरवून मोकळं व्हायचं. जागा धन्यालाच ठाऊक. ते हसून म्हणाले, "म्हणजे तुमच्या या आठवड्याच्या मजकुराला घरचंच उदाहरण मिळालं की."

तो मजकूर तुम्हाला सांगायला हवा. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी मी दर आठवड्याला एका अर्थाच्या अनेक शब्दांवर लिहितो. या खेपेला पाळी पैसा आणि धान्य धरून ठेवणाऱ्यांची होती. कोणता शब्द कुठे वापरावा हे नुसतं सांगून मुलांना कळत नाही, माणूस डोळ्यांपुढे उभा करावा लागतो. मी थ्रिफ्टी लिहिला आणि खळ्यावर तुम्ही दिसलात: रास उचलून झाल्यावर मागे राहिलेलं मातेरं तुम्ही हाताने गोळा करताय, पाखडताय, दाणा न् दाणा वेगळा करताय. या शब्दात निंदा नाही, पुढची तरतूद आहे. फ्रुगल लिहिला तर आपलं स्वयंपाकघर आलं. आईने तेलाचं भांडं उचललं की काठावरचा ओघळ तुम्ही बोटाने निपटून घ्यायचात आणि ते बोट माझ्या धाकट्या बहिणीच्या कोपराला पुसायचात. ती गुदगुल्यांनी हसायची. फ्रुगल माणूस आधी स्वतःच्या ताटात कमी वाढून घेतो, तुम्ही घ्यायचात.

स्टिंजीपाशी लेखणी जड झाली. तिथे देण्याची वेळ येते आणि मूठ आखडते. बलुतेदारांना धान्य मोजताना तुम्ही पायलीच्या मापावर चढलेली शीग काठीने सपाट करायचात. सुतार एकदा म्हणाला होता, "मालक, डोंगर न्हाई मागत, येवढं टेकाड तरी ऱ्हाऊ द्या." सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि काठी फिरवलीत. पण दुसऱ्याकडून घेतानाही तुम्ही सपाटच घ्यायचात, हे कोणी बोललं नाही. मीन या शब्दात त्याच आखडलेल्या मुठीला क्षुद्रपणाचा वास येतो. पार्सिमोनियस म्हणजे तोच चिकटपणा, पण कोट घालून आलेला. शेवटी मायझर. हा साठवतो, कोणाला देत नाही आणि स्वतःही खात नाही. राशीवर बसून उपाशी राहतो. गावाने तुम्हाला जे नाव ठेवलं, त्याचं इंग्रजी हेच होईल. आपल्या शेताला अजून चिकट्याचं रान म्हणतात.

ते नाव पडलं तो दिवस माझ्यापुढून हलत नाही. पाऊस न झालेलं वर्ष. दुपार आहे, तुम्ही ओट्यावर अंबाडीचा दोर वळताय, काकू रिकामं सूप घेऊन अंगणात उभ्या आहेत. आत चुलीवर रानातून ओरबाडून आणलेला तरवट्याचा पाला शिजतोय आणि त्याचा उग्र वास बाहेरपर्यंत येतोय.

"दादा, पायलीभर द्या. सुगीला शीग लावून आनून घालीन."

"न्हाई."

"अख्खा गाव म्हनतंय, तुमचं पेव भरल्यालं हाय."

"गावाला म्हनू दे."

"लेकरं उपाशी हायेत."

"माजी बी हायेत."

त्यावर काकू हसल्या. "तुमची कावून उपाशी राहतील? तुमी ठिवताय म्हनून." त्यांनी सूप काखेत मारलं आणि गेल्या. त्याच आठवड्यात ते घर गंगथडीला, गोदावरीच्या काठी, जगायला गेलं. परत आलं तेव्हा त्यांचं शेंडेफळ त्यांच्याबरोबर नव्हतं. आपली धाकटीही त्याच उन्हाळ्यात गेली. ताप होता, असं सगळे म्हणत. पुढच्या पावसाळ्यात पटकीने तुम्हाला एका दिवसात नेलं, जागा सांगायलाही सवड दिली नाही. लोकांनी पहारी घेऊन सगळं रान टोचून काढलं. मामांनी आईला विचारलं, तर "मला ठाव न्हाई" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मरेपर्यंत ती यावर दुसरा शब्द बोलली नाही.

काल मजकूर पुरा करताना एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे शब्द, चांगले आणि वाईट, एवढं धरून चालतात की माणसाजवळ काहीतरी आहे. ज्याच्याजवळ नाही, त्याला यातला एकही लागू होत नाही. पेवात पाणी शिरलं असेल, ज्वारी कुजली असेल, किंवा त्या साली ते भरलंच गेलं नसेल, आणि हे सांगण्यापेक्षा लोकांनी चिकट म्हटलेलं तुम्हाला परवडलं असेल, तर त्या माणसाला काय म्हणायचं? चिकट्याच्या ओट्यासमोर लोक निदान सूप घेऊन उभे राहतात. मला असा शब्द इंग्रजीत सापडला नाही, आपल्या बोलीतही नाही. आणि पेव भरलेलं असेल, तर धाकटी पाला खात होती तेव्हा पायांखाली ज्वारी होती. मग मायझर हाच शब्द, आणि तोही तोकडा.

तुम्ही मला सोडलेलं नाही, आबा. घरी बायको समईत तेल घालते, भांड्याच्या काठावर ओघळ राहतो, आणि माझं बोट पुढे जातं. निपटून घेतल्यावर ते कुठे पुसावं कळत नाही. हात तसाच धरून मी उभा राहतो. ती विचारते, "काय झालं?"

छापखान्यातला खिळे जुळवणारा दोनदा येऊन गेला, तेव्हा मजकूर त्याच्या हाती दिला. मायझरपुढचं उदाहरण खोडलं आहे. तिथे दुसरा कोणी सावकार घातला. परवाच्या गाडीने मी परळीला उतरेन. तोपर्यंत काकूंचा थोरला शिळा पूर्ण काढून तोंड मोकळं ठेवील, म्हणजे आतली कोंडलेली हवा निघेल. मग तुम्ही करायचात तसंच, आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत टिकली तर तो उतरेल, त्याच्यामागून मी. विझली तर कोणीही उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडून बघायचा, आणि तेव्हाही विझली तर पेव बुजवायचं, असं आमचं ठरलं आहे.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगतो. त्याला सांगितलेलं नाही. कंदील खाली जाईल तेव्हा दोर माझ्या हातात असेल, आणि तो विझावा असं मला वाटतं आहे.