गाळलेलं

२ मार्च, रविवार

मासे आणले.

जिन्यात गोपीकिशनजी भेटले. पहिल्या मजल्यावर राहतात. मोंढ्यात आडत, सोसायटीचे सेक्रेटरी. माझ्या हातातल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पिशवीकडे बघून म्हणाले, "काय आणलं सर?"

"मासे," म्हणालो आणि वर आलो.

दिवेलागणीपर्यंत बातमी तिन्ही मजल्यांवर! गोपीकिशनजी दारात. नाकपुड्या हलत होत्या.

"सर, तुम्ही शिकवनारा माणूस. तुमची इज्जत करतो मी. पण आमच्या घरात लसूण येत न्हाई, अन् तुम्ही डोक्यावर मच्छी शिजवून राह्यले?"

हात धरून आत नेलं. टाकी दाखवली. बराच वेळ काचेसमोर उभे राहिले.

"हे पाळायला हाय?"

"हो."

"मंग तसं सांगायचं ना!"

तीस वर्षं वर्गात सांगत आलो – गाळता येईल तो शब्द गाळा. आज एक जास्त गाळला. 'पाळायला'.

नीला दारामागे हसत होती. मदतीला आली नाही. बायको आहे.

३ मार्च

टाकीत: काळ्या मॉली, नारिंगी प्लॅटी, निळ्या रेघेचे निऑन, एक गुरामी, तळ चाटत फिरणारे दोघे. आणि एक एंजल – उभा, चपटा, रुंद. आडवा येतो, थांबतो, एका डोळ्याने बघतो, काही न बोलता निघून जातो.

नीला म्हणाली, "अगदी तुमचे प्राचार्य."

नाव ठरलं.

खरी झाडंही लावली. लांब पातीचं गवत, दगडाला बांधलेलं मॉस, म्हणजे शेवाळ. दुकानदार अंगद याला 'कम्युनिटी टँक' म्हणतो. वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र.

५ मार्च

गोपीकिशनजी पुन्हा आले. चप्पल बाहेर काढून. देवळात काढतात तशी.

"कम्युनिटी म्हंजे? कोणच्या समाजाचे?"

"सगळ्यांचे."

"सगळे एकाच पाण्यात? अन् भांडत न्हाईत?"

"अजून नाही."

"मंग एक दिवस आपल्या सोसायटीला आणून दाखवा हे."

९ मार्च, रविवार

पहिल्यांदा पाणी बदललं. दर रविवारी चौथा हिस्सा काढायचा, तेवढंच ताजं घालायचं. नळी तोंडाने ओढावी लागते. पहिला घोट माझाच. चव – वर्णन करणार नाही.

नळीसोबत पाकिटात एक बारीक जाळीची टोपी होती. नीला म्हणाली, "ही कशाला दिलीय?" नळीच्या टोकाला लावून पाहिली. पाणी थेंबाथेंबाने येतं. काढून अडगळीच्या डब्यात टाकली. पॅकिंगमधलं काहीतरी असेल.

२१ मार्च

नळ आला नाही. वॉलमन म्हणतो परवा. गेल्या शुक्रवारीही परवाच म्हणाला होता.

२३ मार्च, रविवार

मोरीत टाकीचं पाणी सोडताना तिसऱ्या मजल्यावरच्या धर्मराजांनी आवाज ऐकला. पाइप त्यांच्याही घरातून जातो. पाइपमधून आवाज वर चढतो हे माहीत नव्हतं.

३० मार्च, रविवार

गच्चीवर मिटिंग. विषय एक, टँकर. विषय दोन, टँकरचे पैसे. विषय तीन, मी.

धर्मराज उभे राहिले. "आमचं लेकरू दोन दिवसांपासून बिनआंघोळीचं फिरून राह्यलं. अन् सरच्या मच्छ्या चोवीस तास पाण्यात!"

टाळ्या पडल्या. त्यांच्या लेकरानेही वाजवल्या. त्याला आंघोळीचं दुःख दिसलं नाही.

मी म्हणालो, "मासे पाण्यातच राहतात." आणखी एखादं वाक्य हवं होतं.

गोपीकिशनजींची पंचाईत. सेक्रेटरी म्हणून पाणी वाचवायचं. जैन म्हणून जीव. कपाळ पुसत म्हणाले, "बंद करा म्हणलं तर जीव जातील. ते पाप माझ्याकडून होनार न्हाई. चालू ठेवा म्हणलं तर हे लोक मला जित्ता ठेवनार न्हाईत."

तेव्हा मागून संतोषबाई. गोपीकिशनजींच्या पत्नी. एरवी मिटिंगमध्ये फक्त चहा पाठवतात. "ते काढलेलं पाणी फेकता कामून? मला द्या. माझा मोगरा वाळून राह्यला."

ठराव: काढलेलं पाणी पहिल्या मजल्यावर जाईल. बिल्डिंगीत नवी टाकी कोणीही आणायची नाही. ही राहणार की जाणार ते एक जूनला मतदानाने.

मतं मोजली. मनात. माझं, नीलाचं. नीलाचं नक्की नाही.

६ एप्रिल, रविवार

दोन बादल्या खाली नेऊन दिल्या. संतोषबाईंचे गुडघे धरलेत, त्या वर येत नाहीत. दार उघडं होतं. त्यांनी भांड्यावर पांढरं फडकं दुहेरी पसरलं आणि माझं पाणी गाळायला लागल्या.

"भाभी, झाडाला घालायचं पाणी गाळता?"

"पाणी हाय ना? मंग गाळावंच लागते."

या वाक्यातून एकही शब्द काढता येत नाही.

११ एप्रिल

मॉलीला पिल्लं झाली! अंडी नाहीत – सरळ पिल्लं. पापणीच्या केसाएवढी. मॉसमध्ये लपतात, तळाच्या वाळूवर बसतात. नीलाला हाक मारली. ती पोळी तव्यावर ठेवून आली. पोळी जळली.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी पाणी बदललं. दुपारी काचेला नाक लावून बघतो तर पिल्लू नाही. एकही! प्राचार्य मॉससमोर उभे. निवांत.

१४ एप्रिल

प्राचार्यांचं पोट कालपेक्षा मोठं वाटतं. नीला म्हणते, "तुमचंही वाटतं."

२० एप्रिल, रविवार

बादल्या खाली दिल्या. संतोषबाईंनी विचारलं, "कशे हाय सगळे?"

"पिल्लं गेली. वर एक मोठा चपटा आहे. तो खातो."

त्या काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून गोपीकिशनजी फोनवर कुणाला तरी ठराव समजावून सांगत होते – "नवी टाकी म्हंजे नवी टाकी, माझ्या सख्ख्या भावाला सुद्धा न्हाई!" संतोषबाईंनी तोंड मिटलं.

कमी बोलणारी माणसं मला आवडतात.

२४ एप्रिल

प्लॅटीला पिल्लं. नारिंगी ठिपके. या वेळी पहारा. खुर्ची टाकीसमोर ओढली. प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. असे आम्ही खऱ्या प्राचार्यांच्या केबिनमध्येही बसायचो.

२७ एप्रिल, रविवार

काल होती. आज पाणी बदलेपर्यंत होती. संध्याकाळी नाहीत.

दोन्ही वेळा रविवार. प्राचार्य सुट्टीच्या दिवशी जेवतात.

२८ एप्रिल

नीला आरोपीच्या बाजूने. "तुम्ही त्याला खाताना पाहिलं?"

"नाही."

"मग?"

"दुसरं कोण खाणार?"

"हा पुरावा नाही. हा तुमचा स्वभाव आहे."

२९ एप्रिल

प्राचार्यांची बदली. स्टँडजवळ अंगदच्या दुकानात नेऊन दिलं. तो म्हणाला, "याच्या बदल्यात काय देऊ सर?" म्हटलं, "काही नको." पिशवीतून ते एका डोळ्याने बघत होते. मी दुकानातली पाटी वाचत राहिलो.

कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

२ मे

टाकी मोठी वाटते. नीला संध्याकाळी तिच्यासमोर बसायची, ती आता बाल्कनीत बसते. विचारलं. म्हणाली, "आता आत बघायला कोण आहे?"

४ मे, रविवार

संतोषबाईंना बादल्या दिल्या. आज खूप प्रश्न.

"सर, मच्छ्यांला दिवसातून किती वेळा घालता?"

"मोठ्यांना दोनदा. थोडं."

"अन् लहान्याला?"

"लहान राहत नाहीत आमच्याकडे."

"राह्यले असते तर?"

मला बरं वाटलं. कुणीतरी विचारतंय! सांगितलं – चिमटीत मावेल त्याहून कमी, पूड करून, चार-पाच वेळा. त्यांनी ओठ हलवत पाठ केलं. मग म्हणाल्या, "ते हिरवं गवत असते ना तुमच्याकडे, दगडावरलं? थोडं देता का?"

"कशाला?"

"लागते."

मॉसचा मूठभर तुकडा नेऊन दिला. देवघरात ठेवणार असतील.

७ मे

खालून वाटीभर मोगरा आला. सोबत निरोप, "तुमचं पाणी जिवंत हाय." नीलाने गजरा केला. टाकीचा पहिला फायदा. मत पक्कं झालं का विचारलं. म्हणाली, "गजऱ्यावर मत विकत न्हाई मी." चिडली की माहेरचं बोलते.

१४ मे

मॉलीला पुन्हा पिल्लं! प्राचार्य नाहीत. आता भीती नाही.

१८ मे, रविवार

गेली.

१९ मे

सगळी गेली. एक सुद्धा नाही. गुरामीवर संशय घ्यावा तर तो स्वतःच पंपाच्या बुडबुड्यांना घाबरतो. निऑनचं तोंड पिल्लापेक्षा लहान. तळ चाटणारे फक्त तळ चाटतात.

नीला म्हणाली, "आता कुणाची बदली? माझी?"

त्या माशाची काही चूक नसेल तर?

२२ मे

अंगदच्या दुकानावरून गेलो. आत गेलो नाही. काचेतून दिसले. एका मोठ्या रिकाम्या टाकीत, एकटे. बहुतेक त्यांनी ओळखलं. की सगळ्यांकडेच तसं बघतात?

२५ मे, रविवार

टँकरवरून जिन्यात भांडण. धर्मराज माझ्या बादल्यांकडे बघून म्हणाले, "सर, एवढाच रविवार. एक तारखेला बघू."

वर येऊन टाकीसमोर बसलो. कोपऱ्यात पूर्वी काय होतं आठवून पाहिलं. वर्तमानपत्रांचा ढीग असावा. नीला आली. शेजारी बसली. बऱ्याच दिवसांनी.

"माझं मत आहे," म्हणाली.

म्हणजे दोन.

२८ मे

गोपीकिशनजींना जिन्यात गाठलं. म्हटलं, "टाकी गेली तर मासे अंगद घेईल. जीव जाणार नाहीत. तुम्ही काळजी करू नका."

त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. म्हणाले, "बाईला काय झालं हाय सर? पीठ चाळायच्या चाळणीनं काहीतरी पूड करून राह्यली. मी आलो की लपवते. अन् बाल्कनीत जाऊ देत न्हाई. बिलकुल न्हाई. काल मोगऱ्याला पाणी घालतो म्हणलं तर हात धरला माझा!"

"विचारा त्यांना."

"पस्तीस वर्षांत विचारलं न्हाई, आता काय विचारू?"

३१ मे

उद्या.

१ जून, रविवार

बादल्या घेऊन खाली गेलो. शेवटच्या, असं धरून. दार गोपीकिशनजींनी उघडलं. दंडाला धरून बाल्कनीत नेलं. मोगऱ्याच्या कुंड्यांमागे पितळी घंगाळ. त्यात माझं मॉस. मॉसमधून – काळी, नारिंगी, मोठी होत आलेली, अजून केसाएवढी. सगळी!

"फडक्यात आल्ती," संतोषबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमच्या बादलीतून. गाळून जे जीव निघतात ते जिथलं पाणी तिथंच वापस सोडायचे असतात सर. पण वरी तो चपटा. कशी पाठवू? अन् यायनं तर नवी टाकी बंद केल्ती."

"चपटा गेला. महिना झाला."

"तं सांगायचं ना!"

गोपीकिशनजी घंगाळावर वाकले होते, ते सरळ झाले. कपाळ पुसलं. "सर, घंगाळ म्हंजे टाकी न्हाई. बराबर?"

"बरोबर."

"मंग आज विषय तीन घ्यायची जरूर न्हाई. धर्मराजला मी समजावतो."

घरी आलो. अडगळीच्या डब्यात हात घातला. पिल्लं नळीत ओढली जाऊ नयेत म्हणून दिलेली जाळीची टोपी तशीच होती.

मी गाळतो ते टाकायला. त्या गाळतात ते ठेवायला.

नीला चप्पल घालून दारात उभी आहे. "चला. अंगदचं दुकान अकराला उघडतं." निघतो. पण प्राचार्यांसमोर काय बोलायचं? या वेळी पूर्ण वाक्य लागेल.