बाबांच्या चेहऱ्यावरचे ठिपके

मी, खाली सही करणारी, वय गेल्या महिन्यात अठरा पूर्ण, शिक्षण नववी अर्धी, काम फोटो स्टुडिओतल्या डार्करूमचं, घरातलं नाव बारकी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी दम दिलेला नाही आणि मी नशापाणी करत नाही. चहा फार लागतो, पण त्यातला अर्धा निगेटिव्ह भिजवण्यात जातो.

येत्या शुक्रवारी माझ्या कानाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले साधं आहे. पण हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘काही बरंवाईट झाल्यास’ असं छापलंय. मावशी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. ती म्हणाली, “अगं, दात काढायला गेलीस तरी तसाच फॉर्म असतो.” मला भीती नाही. फक्त आईला एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती कलम पाचमध्ये आहे. तोंडाने सांगायला गेले की माझा आवाज बसतो, म्हणून हा कागद. आधीची कलमं हात सुटावा म्हणून.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. घर भाड्याचं आहे, ते कोणाला देता येत नाही. पोस्टातलं पुस्तक आईच्या नावावर आहेच.

कलम २. माझी हत्यारं मावशीच्या मुलीला. तारेची घासणी, पॉलिश पेपर, पेन्सिलीला दोऱ्याने बांधलेली सुई, आणि दोन ट्रे, लाल गरम पाण्याचा, निळा बर्फाचा. तिला माहीत नाही म्हणून लिहिते: निगेटिव्ह आधी गरम पाण्यात टाकायची आणि तिथून एकदम बर्फाच्या पाण्यात. वरचा थर आकसतो आणि चित्राला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. कुठे पडतील ते आपल्या हातात नसतं. मनासारखं झालं तर समज काहीतरी चुकलं. इस्त्री द्यायची नाही, ती आईची आहे. तिच्यावरचा डाग शर्टाच्या कॉलरचा नाही, माझ्या प्रिंटचा आहे.

कलम ३. चित्रकलेच्या बाईंनी माझा कागद वर्गात उंच धरून विचारलं होतं, “ही घाण कोणाची?” मी हात वर केला नाही. तरी सगळा वर्ग माझ्याकडेच बघत होता. शाळा मी त्यामुळे सोडली नाही. बाबा गेले आणि मी कामाला लागले म्हणून सोडली, पण सोडताना रडू आलं नाही ते बाईंमुळे. त्यांना माझा चौकटीतला प्रिंट नंबर नऊ पोचवावा. तो मी तीन आठवडे कुंडीत पुरला होता, नंतर चपलेने तुडवलाय. मागे लिहिलंय, ‘ही माझी.’

कलम ४. स्टुडिओतले रिटचवाले काका. काका चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पुटकुळ्या, ओरखडे ब्रशने आणि पेन्सिलने घालवतात. मागच्या वर्षी वाचनालयाच्या हॉलमध्ये माझे सहा प्रिंट लावायचे होते. मी जेवायला गेले तेवढ्यात काकांनी सहाच्या सहा प्रिंटवरचे ओरखडे भरून टाकले. म्हणाले, “काय अवस्था करून ठेवली होतीस. लाज गेली असती चारचौघांत.” मी थँक यू म्हटलं. तसेच नेऊन लावले. एक बाई म्हणाल्या, “स्वच्छ काम आहे मुलीचं.” खरं सांगायला मला दोन महिने लागले.

“मुद्दाम?” काका म्हणाले. “मी जे जन्मभर पुसतोय, ते तू मुद्दाम काढतेस?”

“हो.”

मग ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला चांगली सुई आणून दिली. काकांना मी वस्तू काही देत नाही. त्या सहा प्रिंटबद्दल माफ करते, एवढंच.

कलम ५. आई, हे तुझ्यासाठी.

बाबा वेल्डर होते. ठिणग्या उडून उडून त्यांच्या चेहऱ्यावर बारीक काळे ठिपके पडले होते. ते गेल्यावर तू त्यांचा एकुलता एक चांगला फोटो स्टुडिओतून मोठा करून घेतलास. काकांनी निगेटिव्हवरच पेन्सिल चालवून एकेक ठिपका बुजवला, कारण तसंच करायची पद्धत आहे. बाहेरच्या खोलीत तो फोटो आहे. तू रोज पुसतेस. मला त्यात बाबा दिसत नाहीत, कोणीतरी बँकेतला साहेब दिसतो.

ती निगेटिव्ह तू मला जपायला दिली होतीस. मी जपली नाही. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सोडा घातलेल्या गरम पाण्यात टाकली, मग बर्फात. मला त्या गुळगुळीत माणसाचा राग आला होता. पण पाण्यात आधी काकांची पेन्सिलच सुटली, राखाडी, धुरासारखी. प्रिंट काढला तर मागची भिंत भेगाळलेली, शर्टाचा खांदा वितळल्यासारखा, आणि चेहऱ्यावर सगळे ठिपके जागच्या जागी. मी लाल दिव्यात स्टुलावर बसून राहिले.

आता तो पहिल्यासारखा फोटो त्या निगेटिव्हमधून पुन्हा निघणार नाही. भिंतीवरचा खराब झाला तर झाला. प्रिंट आणि निगेटिव्ह कपाटाच्या खालच्या खणात, पिवळ्या पाकिटात आहेत. तुला राग आला तर तो बरोबर आहे, हे मी लिहून देते.

कलम ६. हे आज सह्या करायला सगळे जमले त्यानंतर लिहिलंय. आई पेन घेऊन बसली होती. मावशीने तिच्या हातातून पेन काढून घेतलं. “ताई, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं.”

“मला काय देतेय ही?” आईने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून पाकीट आणलं.

आई प्रिंट घेऊन खिडकीपाशी गेली. मग बाबांच्या नाकाशेजारी बोट ठेवून म्हणाली, “हा शाळेच्या जिन्याचा कठडा जोडतानाचा. दोन दिवस डोळा उघडत नव्हता. हनुवटीवरचा आमच्या लग्नाच्या आधीपासूनचा.” आणि मग, “भिंतीला काय झालं?”

“ते मी केलं.”

“निगेटिव्हला?”

“हो.”

“विचारायचं होतंस.”

“नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते,” आई म्हणाली.

काका खाली बघत म्हणाले, “वहिनी, मला तीन दिवस लागले होते त्या चेहऱ्याला.”

“माहीत आहे, भाऊ. तुम्ही एवढ्या मनापासून केलं होतंत, मला तेव्हा काही बोलता आलं नाही.”

तिने बाहेरचा फोटो तिथेच ठेवायला सांगितलाय, लोक येतात-जातात म्हणून. हा तिने स्वतःच्या पलंगाशेजारी लावलाय. खिळा काकांनी ठोकला.

त्यामुळे कलम पाच रद्द. ज्याला द्यायचं होतं त्याला मी हयातीतच दिलं आहे. बाकीची कलमं कायम.

सही: बारकी

साक्षीदार १: रिटचवाले काका. सगळं वाचून सही केली. कलम चारला त्यांची हरकत आहे, म्हणतात सहा नव्हे, पाचच प्रिंट होते.

साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचे शिंपी. न वाचता सही केली.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर. तारीख: ऑपरेशनच्या आधीचा बुधवार, दुपार.