वाळवंटातल्या मांजरांचं बारसं

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चिरंजीव आदर्श यास,

शालूआत्तीचे आशीर्वाद. (ते परत घ्यायचे की नाही, हे पत्राचं उत्तर आल्यावर ठरवीन.) तुझी मान, पाठ आणि डोळे कसे आहेत? दिवसभर खुर्चीत बसून पडद्यावर मांजरं पळवणाऱ्या माणसाचे एवढेच अवयव चौकशी करण्याजोगे उरतात. आमच्याकडे ठीक. आमच्या ह्यांचा, म्हणजे तुझ्या सयाजीमामांचा, गुडघा दुखतो, पण तालमीच्या कट्ट्यावर जाताना नाही, दळण आणताना दुखतो. कागदावर लिहिते आहे, कारण मोबाइलवर मी कितीही सविस्तर लिहिलं तरी तू खाली एक पिवळा अंगठा चिकटवून मोकळा होतोस. या कागदाला अंगठा दाखवून बघ.

तुझा फोन आला की नव्या गेममध्ये वाळवंटात राहणारी पाच मांजरं आहेत, त्यांना साजेशी नावं सुचव, तेव्हा मला बरं वाटलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं मराठी कुणी मागितलं नव्हतं. मागतात ते लोणचं. आता वाळवंट मी काही पाहिलेलं नाही. पण तूही पाहिलेलं नाहीस. जैसलमेरला एसी लावलेल्या तंबूत झोपायचं आणि सकाळी उंटाला टेकून फोटो काढायचा, याला वाळवंट पाहणं म्हणत नाहीत. तरी मी मन लावून बसले. धुळीत लोळणारा तो धुळाप्पा. (हे खरं नाव आहे, इकडे कर्नाटकाच्या सीमेला अजून ठेवतात.) अंगाचा रंग वाळूचा, ती वाळूबाई. उन्हानं वाळून काडी झालेली ती सुकन्या. आणि लांबून येताना दिसतो पण पोचत कधीच नाही, त्या बोक्याचं नाव मृगजळे. हे शेवटचं मला आमच्या नळदुरुस्तीवाल्यावरून सुचलं. मामांना विचारलं तर म्हणाले, "बोका हाय न्हवं? मग पैलवान म्हणा की!" आणि पेपर वाचायला लागले.

त्यावर तुझं उत्तर काय, तर "आत्ती, अस्सल पाहिजे, पण गावठी नको." म्हणजे चप्पल कोल्हापुरी पाहिजे, पण करकरायला नको. मग तू स्वतः ठेवलेली नावं कळवलीस. झारा, ड्यून (म्हणजे वाळूची टेकडी म्हणे), मिराज आणि ऋतुराज! अरे, ऋतुराज म्हणजे वसंत. जिथे कुसळ उगवत नाही तिथे कसला वसंत घेऊन बसलास? आमच्या गल्लीत ऋतुराज म्हणून हाक मारली तर निम्मी शाळा धावत येते, त्यात आता एक बोका. मिराज म्हणजे तर माझा मृगजळेच की रे, इंग्रजी बोलायला लागल्याबरोबर तुझ्या पसंतीला उतरला. मामांनी ते नाव ऐकलं आणि विचारलं, "मिरजेचं मांजर तिकडं वाळवंटात कशाला गेलतं?" मी त्यांना समजावलं नाही. मलाही तोच प्रश्न होता.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तू पाचव्या मांजरीचं चित्र पाठवलंस. अंगानं आडवी, एक कान फाटलेला, पाण्याच्या रांजणावर ठाण मांडून बसलेली, कुणाला थेंब घेऊ देत नाही. मी फोनवर हसत म्हणाले, "अगंबाई, ही तर आमची रत्नव्वा!" बाळा, ते हसणं होतं, सुचवणं नव्हतं. रत्नव्वा म्हणजे आमची शेजारीण. चिकोडीकडून लग्न होऊन आली, तेव्हापासून आमची भिंत एक आणि अंगणातला नळ एक. नळाला खोकला लागायच्या आत तिची कळशी खाली असते. आधी ती भरणार, मग बाकीचे. (माझी घागरही तीच भरून ठेवते, पण हे तुला कुठून माहीत असणार? मी ते कधी सांगितलं नाही. चांगलं सांगायला फोन कशाला करायचा?)

तर तू माझी मेहनतीची चार नावं केरात टाकलीस आणि हसता हसता निसटलेलं पाचवं उचलून मोबाइलवरून जगाला दाखवलंस. मांजरीचं चित्र, खाली मोठ्या अक्षरात रत्नव्वा, आणि त्याखाली "हावरट. दुसऱ्या लेव्हलला तहानेने मरते." रत्नव्वाच्या सुनेनं ते पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं. त्या दिवसापासून मागचं दार बंद. नळ आला की रत्नव्वा आपली कळशी भरते आणि माझ्या घागरीकडे न बघता निघून जाते. मामांना तिच्याकडची शेंगदाण्याची चटणी बंद झाली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काय झालंय गं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पैलवान ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती." वाईट याचं वाटतं की ते खरं होतं. आदर्श, दुपारी बोलायला माणूस नसलं की घर किती मोठं होतं, ते तुझ्या पुण्यातल्या दीड खोलीत कळायचं नाही.

शेवटी काल रत्नव्वा मोबाइल घेऊन दारात उभी राहिली. मी उठून उभी. म्हटलं, आता गल्ली गोळा होणार. ती म्हणाली, "शालक्का, ही मांजर म्हंजे मीच न्हवं?"

मी म्हणाले, "नाव तुझं. मांजर त्याची."

"नावाचं जाऊ दे. हावरट म्हटलंय, त्येबी जाऊ दे. पर तहानेनं मरती? रांजणावर बसून?" तिचा आवाज चढला. "पाण्यावर बसल्याली रत्नव्वा तहानेनं मरंल व्हय? आधी सगळं वाळवंट मरंल, मग माझं बघू! कसलं येडं लिव्हलंय त्यानं? शिकल्याला हाय न्हवं?"

मला हसू आलं ते थांबेना. ती आणखी चिडली, मग तीही हसली, मग बसली, मग चहा झाला. मागचं दार उघडं आहे. मामांना चटणी मिळाली आणि त्यांना वाटतं आहे की हे त्यांच्यामुळे झालं.

प्रकृतीस जप. मधूनमधून उठून चालत जा, मांजरंसुद्धा चालतात.

तुझी,
शालूआत्ती

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. रत्नव्वाला मारायचं नाही. नाव, फाटका कान, हावरटपणा सगळं राहू दे, ती पाण्यावर बसलेली शेवटपर्यंत जिवंत पाहिजे. ही विनंती नाही.

ता. क. दोन. रत्नव्वा शेजारी बसून हे ऐकते आहे. तिचं म्हणणं, गोष्टीत तहानेनं कुणीतरी मरायला लागतच असेल तर एक सहावं मांजर घाल आणि त्याचं नाव शालू ठेव. मी कबूल केलं आहे. फक्त मरताना चार वाक्यं नीट बोलू दे, आणि ती मला लिहू दे.

ता. क. तीन. ती आत्ता म्हणाली, "शालू मरायला टेकली की मी रांजणावरून उठीन आन घोटभर पाणी दीन. पर तिनं मागाय पाहिजे." मी मागणार नाही. तेवढं गेममध्ये आत्ताच घालून ठेव.