नेटवर्कचा काही दोष नाही

प्रिय मावशीस, तुझ्या पदवीधर भाचीचा नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, आजारी आहे ती फक्त माझी जीभ.

शिक्षिका होण्यासाठी मी ऑनलाइन वर्गाला बसते, हे तुला ठाऊक आहेच. शिक्षणानं माणूस निर्भय होतो, असं मी प्रवेशाच्या अर्जात ठणकावून लिहिलं होतं (अर्ज मराठीत होता). तास मात्र इंग्रजीत! बाईंनी मला हाक मारली की एकच वाक्य अस्खलित बाहेर पडतं, ‘सॉरी मॅडम, नेटवर्क प्रॉब्लेम.’ त्यावर मी कितीतरी दिवस तग धरला. पण ते बाबांच्या कानी गेलं. बाबा पडले वायरमन. त्यांच्या घरात लाइन खराब म्हणजे सुताराच्या घरी डुगडुगती खुर्ची. त्यांनी गच्चीपासून माझ्या टेबलापर्यंत नवी वायर ओढली आणि माझी सबब मुळासकट उपटली.

काल बाईंनी पुन्हा मलाच विचारलं. सबब तर उरली नव्हती, म्हणून चित्र अडकल्यासारखी मी तोंड अर्धवट उघडं ठेवून स्तब्ध बसले (पापणीसुद्धा लवू दिली नाही, तू असतीस तर तोंडावर पाणी मारलं असतंस). सगळा वर्ग थांबला. तेवढ्यात माझ्या मागून आई बादली घेऊन गेली. मग बाबा शिडी घेऊन आले, पडद्यात डोकावले आणि म्हणाले, “मॅडम, लाइन एकदम क्लिअर आहे हं! पोरगीच बंद पडलेली दिसते.”

बाई हसू आवरत चक्क मराठीत म्हणाल्या, “राहू द्या काका, सुरू होईल ती.” मग मला म्हणाल्या, सोमवारी तोंडी परीक्षा आहे, चुका चालतील, गप्प बसणं चालणार नाही. नापास झाले, तर शाळेतली नोकरी विसरायची.

तुझी,
बंद पडलेली भाची

ता. क. सोमवारपर्यंत रोज संध्याकाळी तुला फोन करू का? मी इंग्रजीत बोलेन, तू नुसतं ‘हं’ म्हण. तुला इंग्रजी येत नाही, म्हणून तर तुलाच विचारतेय.

ता. क. २. बिघाड वायरीत नव्हता, हे बाबांना कळू देऊ नकोस. बिचारे फार खुशीत आहेत. पत्र त्यांच्याच हाती टाकायला देतेय, म्हणून पाकीट घट्ट चिकटवलंय.

ता. क. ३. मेहुणीबाई, डिंक कच्चा होता. बिघाड कुठे आहे, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मला दुरुस्त करता येण्यासारखी तेवढी वायरच होती. तिचा फोन आला की ‘हं’ जरा जोरात म्हणा.