उत्तरांचं पुस्तक

प्रिय मास्तरीणबाई,

तू पाठवलेलं पुस्तक मंगळवारी मिळालं. आईने सही करून खोका घेतला आणि मी कामावरून येईपर्यंत टेबलावर तसाच ठेवला. जड होता. तिला वाटलं, तू घरासाठी काही घेतलंस. मी चिकटपट्टी कापली, तर आत आपल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं. धड्यामागून धडा, पायरीपायरीने. वर तुझी चिठ्ठी, ‘आता तुझं अडणार नाही.’ काय आलंय, असं आईने विचारलं. अभ्यासाचं आहे, म्हटलं. ती परत भाजी निवडायला बसली.

पुस्तक चांगलं आहे. ज्या प्रश्नाने मला आठवडाभर छळलं, तो तिथे तीन ओळींत सुटलाय. वाचताना सगळं कळतं. पुस्तक मिटून कोरा कागद घेतला की पहिला बाण कुठून काढायचा तेही सुचत नाही. असं होणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून तर तू फोनवर कधी उत्तर दिलं नाहीस. आकृतीचा फोटो पाठवतो म्हटलं तर तोही नको. तोंडाने बोलून दाखव, म्हणायचीस. मग मी रविवारी दुपारी खिडकीशी बसून बोलायचो. सहा कोपऱ्यांचं कडं, एकाआड एक दुहेरी रेघ, वरच्या कोपऱ्याला ऑक्सिजन. तू तिकडे ऐकून ऐकून काढायचीस. एकदा माझ्या कार्बनला पाच रेघा झाल्या, तेव्हा तू विचारलंस, हा पाचवा हात कुणाकडून उसना आणलास? आणि इतकी हसलीस की तिकडे कुणीतरी तुला काय झालं म्हणून विचारलं. तू ज्या खोलीतून बोलतेस तिथे माणसं असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

बाण अजून जमत नाहीत. इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून बाण निघतो आणि जिथे कमी आहेत तिथे पोचतो. एवढं साधं. मी दर वेळी उलटा काढतो, जिथे कमी आहेत तिथूनच सुरुवात करतो. तू कधी चिडली नाहीस. ज्याच्याकडे काही नाही तो जागचा हलत नसतो, म्हणायचीस. खोड आणि पुन्हा काढ.

कारखान्यात माझं तेच चाललंय. डब्यातला रंग पत्र्यावर ओढायचा, वाळला की नखाने खरवडून बघायचा, रंगाचा पोत लिहून ठेवायचा. नखांच्या कडा निळ्याच असतात. तपासणी विभागाच्या प्रमुखाची ती जागा, जिच्यासाठी साहेबांनी पदवी हवी म्हणून सांगितलं आणि तू जाताना तुझं पुस्तक माझ्या हातात दिलंस, ती भरली. पदवी असलेल्या एक बाई आल्यात. भल्या आहेत. त्यालाही आता बरेच महिने झाले. तुला कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग आता अभ्यास कशाला?

सुरुवातीला आपण इतरही बोलायचो. तू तिथल्या प्रयोगशाळेतलं सांगायचीस, मी इथलं, आणि धडा राहूनच जायचा. मग धडा आधी व्हायला लागला. मग नुसता धडाच. तुझी तिथल्या कामाची दोन वर्षं संपली, मुदत वाढली, त्याबद्दल तू एक-दोनदा बोललीस आणि पुढे तो विषय आला नाही. मीही काढला नाही. एकदा सगळं शिकवून झाल्यावर तू विचारलंस, हल्ली तुमच्याकडे पाणी वेळेवर येतं का. मी म्हटलं, येतं.

या रविवारी मी नेहमीसारखा खिडकीशी बसलो. तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. काय विचारणार होतो? जे विचारलं असतं, ते सगळं समोर छापलेलं होतं. आई मधूनमधून येऊन बघून गेली. शेवटी तिने चहा आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली. “लोकांच्या बायका फोनवर भांडतात तरी रे. तुमचं आपलं नुसतं कार्बन, कार्बन.” मला हसू आलं. तिला नाही आलं. “तिला एकदा सरळ विचार बाबा,” म्हणाली, आणि चहा प्यायच्या आतच कप उचलून घेऊन गेली.

म्हणून विचारतो. परीक्षेला मी बसत नाही, तेव्हा त्याची काळजी सोड. पुस्तक पाठवलंस म्हणून रागावलेलो नाही. निघून जाताना मागे राहणाऱ्याचं अडू नये, एवढा विचार तूच करू जाणे. पण तू परत येणार आहेस का? नसशील तर एकदा फोन कर आणि नाही म्हण. तेवढंच म्हण. समजावून सांगू नकोस. तू पायरीपायरीने सांगायला लागलीस की मला सगळं पटत जातं, आणि हे मला पटायला नको आहे.

अजून तुझाच,
ढ