न किडलेल्या दाढेबाबत

प्रति,
मा. दंतवैद्यकीय अधिकारी,
बालदंत संरक्षण केंद्र, पनवेल.

अर्जदार : दाजी आनंदा मोकल, रा. आपटा, ता. पनवेल.

विषय : नात कु. समृद्धी हिच्या दाढेस ती किडण्यापूर्वी लेप लावून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राच्या खिडकीवर मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

सविनय निवेदन की, अर्जदारास दोन नाती असून थोरली कु. पूर्वी हिची खालची दाढ गेल्या महिन्यात आपल्याच केंद्रात काढण्यात आली. सदर दाढ ती पहिलीत असताना, एकही दात न पडता, मागच्या बाजूस गुपचूप उगवली होती. ती किडली तेव्हा घरातल्या सर्वांनी दुधाचीच समजून पडण्याची वाट पाहिली. दाढ पडली नाही. पोर मात्र गाल धरून रडत राहिली.

२. दाढ काढल्यावर डॉ. मिताली मॅडम यांनी अर्जदारास एकट्यास बाहेर बोलावून सांगितले, "आजोबा, ही कायमची दाढ होती, आता पुन्हा येणार नाही. उगवल्याबरोबर खाचांत लेप भरला असता तर वाचली असती. धाकटीचं तरी वेळेवर करा."

३. धाकटी समृद्धी हिची तशीच दाढ नुकतीच वर आल्याने अर्जदार तिला घेऊन केंद्रात हजर झाला. मॅडमची बदली झाल्याचे कळले. खिडकीवर तक्रार विचारण्यात आली. तक्रार नाही, दाढ चांगली आहे, असे सांगताच "मग केसपेपर कशावर काढू? किडली की या," असे उत्तर मिळाले. किडल्यावर लेप लागेल काय, असे विचारता "किडलेल्या दाढेला लेप लावत नाहीत," असेही त्याच खिडकीवरून सांगण्यात आले. सबब सदर दाढेने किडावे की किडू नये, याचा लेखी खुलासा व्हावा. समृद्धीस गोळ्या-बिस्किटे फार आवडतात व दाढ खुलाशासाठी थांबेल असे दिसत नाही.

४. आणखी एक. पूर्वीने आपली दाढ कापसात गुंडाळून घरी आणली व रिवाजाप्रमाणे, नवी यावी म्हणून, कौलांवर टाकली. अर्जदाराच्या घरावर स्लॅब असल्याने शेजारी शिवा यांच्या गोठ्याची कौले वापरली. तिचा आनंद पाहून अर्जदारास अडवणे जमले नाही. तेव्हापासून ती रोज आरशापुढे आ वासून उभी राहते व म्हणते, "आजोबा, अजून नाय आली." अर्जदार म्हणतो, "येल गो बाय."

तरी कृपा करून समृद्धीच्या दाढेस लेप लावावा, व त्याच दिवशी पूर्वीलाही खुर्चीत बसवून डॉक्टरांनी तिला खरे काय ते सांगावे. अर्जदाराच्या तोंडून ते निघत नाही.

उत्तराच्या आशेने पुन्हा खिडकीशी येणारा,
आपला नम्र,
दाजी आनंदा मोकल
आपटा, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत : दोन्ही नातींच्या आधारकार्डांच्या प्रती. पूर्वीची दाढ पुराव्यादाखल जोडता आली नाही. ती कौलांवरून काढण्यास पूर्वीची हरकत आहे.